दोषारोपपत्रावर सही कोणाची?

या अंकासाठी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे सरकारी वकिलांच्या कार्यालयाविषयी आहेत. मी सहायक सरकारी अभियोक्ता, म्हणजे सरकारी वकील, म्हणून खान्देशातल्या तालुक्यांच्या न्यायालयांत सेवा केली आणि निवृत्तीनंतरही लोक हेच प्रश्न घेऊन घरी येतात, म्हणून या वेळी हीच पत्रे घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे व गावे त्यांच्या इच्छेनुसार दिलेली नाहीत.

प्रश्न : यावल तालुक्यात माझी केळीची बाग आहे. विहिरीवरची मोटर आणि केबल उन्हाळ्यात चोरीला गेली. पोलिसांनी तिघांना पकडले, मोटर त्यांच्यापैकी एकाच्या शेतात कडब्याच्या गंजीखाली सापडली आणि आठवड्याभरात तिघेही जामिनावर सुटले. त्याला आता चार महिने झाले. पोलीस ठाण्यात गेलो की ‘कागद सरकारी वकिलांकडे आहेत’ असे सांगतात आणि सरकारी वकिलांकडे गेलो की ‘आमच्याकडे अजून आलेलेच नाहीत’ असे उत्तर मिळते. खटला नेमका कोण भरतो? साठ दिवसांची मुदत उलटली म्हणून केस बुडाली का? आणि माझी मोटर ठाण्याच्या आवारात गंजत पडली आहे, तिचे काय करायचे?

उत्तर : भाऊ, तुमच्यासारखी हेलपाटे घालणारी माणसे मी वर्षानुवर्षे पाहिली आहेत, म्हणून सविस्तर लिहिते. सरकारी वकील दोषारोपपत्र भरत नाही. तपास संपल्यावर न्यायालयाकडे अहवाल पाठवण्याची जबाबदारी पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याची असते आणि त्या अहवालावर सहीही त्याचीच असते. पूर्वी हे १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७३ प्रमाणे होत असे. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९३ प्रमाणे होते. त्या अहवालालाच आपण दोषारोपपत्र किंवा चार्जशीट म्हणतो. आरोपीवर ‘आरोप’ ठेवण्याचे, म्हणजे आरोप निश्चित करण्याचे काम त्यानंतर न्यायाधीश करतात. पोलीस अहवाल देतात, न्यायालय आरोप ठेवते आणि तो आरोप पुराव्याने सिद्ध करण्याचे काम सरकारी वकिलाकडे येते.

मग कागद सरकारी वकिलांकडे जातात ते कशासाठी? छाननीसाठी. न्यायालयात जाण्यापूर्वी तपासाची फाईल सहायक सरकारी अभियोक्त्याने वाचावी आणि त्रुटी कळवाव्यात, अशी पद्धत आहे. नव्या संहितेच्या कलम २० मध्ये अभियोग विभागाच्या अधिकाऱ्यांची कामे शिक्षेच्या प्रमाणात वाटून दिली आहेत आणि सात वर्षे ते दहा वर्षांच्या आत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत पोलीस अहवाल तपासण्याचे काम उपसंचालकाकडे स्पष्टपणे सोपवले आहे. मात्र तपासी अंमलदाराने आमचे मत ऐकलेच पाहिजे असे बंधन नाही. अभियोक्त्याचे मत हा तपासाचा भाग नव्हे आणि ते घेण्याची सक्ती पोलिसांवर करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली सांगितले. दुसऱ्या बाजूने अभियोक्ताही पोलिसांच्या हाताखालचा नाही. महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने राज्य सरकारला सहायक सरकारी अभियोक्त्यांचा संवर्ग पोलीस खात्याच्या नियंत्रणातून वेगळा करण्यास सांगितले होते. दोन कार्यालये एकमेकांपासून स्वतंत्र असणे गरजेचेच आहे. त्याचा त्रास मात्र तुमच्यासारख्या फिर्यादीला होतो, कारण फाईल मध्ये कुठे आहे हे दोन्हीकडचे लोक मोघम सांगतात.

छाननीत काय पाहतात ते तुमच्याच मोटरवरून सांगते, कारण केळीच्या पट्ट्यातल्या अशा फायली मी पुष्कळ वाचल्या आहेत. फिर्यादीत बहुतेक वेळा ‘एक पाण्याची मोटर, जुनी वापरती’ एवढेच लिहिलेले असते. जप्तीच्या पंचनाम्यात मात्र कंपनीचे नाव, अश्वशक्ती आणि पट्टीवरचा नंबर येतो. आता फिर्यादीतली मोटर आणि जप्त झालेली मोटर एकच, हे कशावरून? खरेदीची पावती असली तर प्रश्नच नाही. पण दहा वर्षांपूर्वीची पावती कोणाकडे असते? अशा वेळी मी तपासी अंमलदाराला विचारत असे की, ही मोटर कधी जळली होती का आणि रिवाइंडिंग कोणी केले. मोटर भरणाऱ्या मेस्त्रीला आपल्या हाताचे काम ओळखू येते. तार कोणत्या गेजची घातली आणि बेअरिंग कधी बदलले हे तो सांगू शकतो. त्याचा एका पानाचा जबाब फाईलमध्ये आला की ओळख पक्की होते.

त्यानंतर निवेदन पंचनामा, म्हणजे वस्तू कुठे आहे हे आरोपीने सांगितल्याची पंचांसमोरची नोंद. आरोपीने पोलिसांसमोर दिलेली कबुली पुराव्यात चालत नाही, पण त्याने दिलेल्या माहितीवरून वस्तू सापडली तर त्या माहितीचा तेवढाच भाग चालतो; भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम २३ मध्ये ही तरतूद आहे. म्हणून आरोपीने सांगितले कधी, निघाले कधी, गंजी कोणाची, शेत कोणाच्या नावावर आणि पंच कुठले, हे सगळे एकमेकांशी जुळावे लागते. ठाण्याच्या समोरच्या टपरीवरचे तेच दोन पंच प्रत्येक फाईलमध्ये दिसले तर मी फाईल परत पाठवत असे, कारण उलटतपासणीत पहिला प्रश्न त्यावरच येतो.

एकदा माझ्याकडून चूक झाली. अशाच एका चोरीच्या फाईलमध्ये जप्ती पंचनाम्यावरची तारीख आरोपीच्या अटकेच्या आदल्या दिवसाची होती. लिहिताना झालेली साधी चूक होती आणि त्या दिवशी तीन न्यायालयांचे काम माझ्या एकटीकडे असल्याने ती माझ्या नजरेतून सुटली. काही वर्षांनी साक्षीच्या वेळी तपासी अंमलदाराला त्या तारखेचा खुलासा करता आला नाही आणि आरोपी सुटले. फिर्यादी शेतकरी बाहेरच्या व्हरांड्यात मला एवढेच म्हणाला, ‘मॅडम, मोटर तर माझीच होती ना?’ त्यानंतर मी प्रत्येक फाईलच्या तारखा वेगळ्या कागदावर उतरवून घेऊ लागले: गुन्हा, फिर्याद, अटक, निवेदन, जप्ती, मुद्देमाल जमा.

साठ दिवसांविषयी गैरसमज फार आहे. ती मुदत आरोपी कोठडीत असतानाची आहे. फाशी, जन्मठेप किंवा दहा वर्षे व त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात नव्वद दिवसांत आणि इतर गुन्ह्यांत साठ दिवसांत दोषारोपपत्र आले नाही, तर कोठडीतल्या आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. कोठडी ज्या दिवशी दिली तो दिवसही या मोजणीत धरायचा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली स्पष्ट केले. तुमचे आरोपी आधीच जामिनावर आहेत, त्यामुळे साठ दिवस उलटल्याने तुमची केस बुडालेली नाही. चोरीला तीन वर्षांपर्यंत शिक्षा असल्याने न्यायालयाने दखल घेण्याची मुदत तीन वर्षांची आहे. याचा अर्थ तीन वर्षे गप्प बसावे असा नाही. तपास कुठवर आला हे नव्वद दिवसांच्या आत फिर्यादीला कळवणे नव्या संहितेने पोलिसांवर बंधनकारक केले आहे आणि तुमचे चार महिने झाले आहेत. तेव्हा प्रभारी अधिकाऱ्याच्या नावे लेखी अर्ज द्या, पोच घ्या आणि फाईल छाननीस पाठवली असल्यास तिचा जावक क्रमांक व तारीख मागा. तो क्रमांक हातात असला की अभियोक्ता कार्यालयातल्या आवक नोंदवहीत दोन मिनिटांत उत्तर मिळते. दोषारोपपत्र दाखल झाल्यावर ई-कोर्टच्या संकेतस्थळावर गुन्हा नोंद क्रमांक टाकूनही खटला क्रमांक सापडतो.

मोटरीसाठी खटल्याची वाट पाहू नका. मुद्देमाल सुपूर्दनाम्यावर, म्हणजे लागेल तेव्हा हजर करण्याच्या लेखी हमीवर, परत मिळावा, असा अर्ज न्यायदंडाधिकाऱ्यांकडे आजच करता येतो. त्यावर न्यायालय सरकारी वकिलांचे म्हणणे मागवते. ज्याला आम्ही ‘से’ म्हणतो तो हाच. जप्त वस्तू ठाण्यात सडू देऊ नयेत, पंचनामा व छायाचित्रे करून मालकाला द्याव्यात, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ सालीच सांगितले आहे. नव्या संहितेच्या कलम ४९७ प्रमाणे वस्तू न्यायालयापुढे आल्यावर चौदा दिवसांत तिचे विवरण तयार करायचे, छायाचित्र किंवा चित्रफीत घ्यायची आणि त्यानंतर तीस दिवसांत विल्हेवाटीचा आदेश द्यायचा आहे. मोटर परत मिळाली की ती विकू नका आणि तिच्यावरची पट्टी काढू नका, कारण साक्षीच्या दिवशी तीच मोटर न्यायालयात दाखवावी लागू शकते.

प्रश्न : माझ्या भावाला भुसावळात रस्त्यावरच्या भांडणात लोखंडी सळईने मारले. डाव्या हाताचे हाड मोडले, प्लास्टर दीड महिना होते. दोषारोपपत्र दाखल झाले आहे, पण त्यात साध्या दुखापतीचे कलम आहे. आता सरकारी वकिलांना कलम वाढवता येईल का? आम्ही स्वतःचा वकील दिला तर चालतो का?

उत्तर : ताई, सळईने केलेली साधी दुखापत भारतीय न्याय संहितेच्या कलम ११८(१) मध्ये येते आणि तिला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. हाड मोडणे ही कलम ११६ प्रमाणे गंभीर दुखापत आहे. ती अशा हत्याराने केली तर कलम ११८(२) लागते आणि शिक्षा किमान एक वर्षापासून थेट जन्मठेपेपर्यंत जाऊ शकते. एवढा फरक बहुतेक वेळा एका कागदाने पडतो. तुमच्या भावाच्या फाईलमध्ये पहिल्या दिवशीचा सरकारी दवाखान्याचा दाखला असेल, त्यात ‘हाताला सूज, एक्स-रेचा सल्ला’ असे लिहिलेले असेल आणि एक्स-रेची प्लेट व अस्थिरोगतज्ज्ञाचा दाखला घरीच कपाटात राहिला असेल, असा माझा अंदाज आहे. मी पाहिलेल्या अशा दहा फायलींपैकी बहुतेकांत हेच घडलेले असे. तपासी अंमलदाराने ते मागून घ्यायला हवे होते आणि छाननी करणाऱ्या अभियोक्त्याने ‘प्लेट कुठे आहे’ असे विचारायला हवे होते, हे खरे. पण वेळ गेलेली नाही.

प्लेट, दाखला आणि दवाखान्याची बिले घेऊन तपासी अंमलदाराकडे व सरकारी वकिलांकडे लेखी अर्जासह जा. दोषारोपपत्रानंतरही पोलिसांना पुढील तपास करून पूरक अहवाल देता येतो. खटला सुरू झाला असेल तर त्यासाठी न्यायालयाची परवानगी लागते आणि तो तपास नव्वद दिवसांत पूर्ण करायचा असतो. शिवाय निकाल देण्यापूर्वी केव्हाही आरोपात बदल करण्याचा किंवा भर घालण्याचा अधिकार न्यायालयाला आहे. आरोप निश्चितीच्या तारखेला सरकारी वकिलांनी हे न्यायालयाच्या निदर्शनास आणले, तर नंतरची बरीच धावपळ वाचते. ती तारीख कोणती आहे हे आधी काढा.

तुमचा वकील चालतो, पण तो सरकारी वकिलाच्या सूचनेनुसार काम करतो. न्यायालयाच्या परवानगीने त्याला पुरावा संपल्यावर लेखी युक्तिवाद देता येतो; साक्षीदाराला स्वतः उभे राहून प्रश्न विचारता येत नाहीत. एक फायदा नक्की होतो. पीडिताच्या वतीने वकील असेल तर दोषारोपपत्राची आणि सोबतच्या कागदांची प्रत पीडितालाही विनामूल्य द्यावी, असे नव्या कायद्यात आहे.

प्रश्न : शिरपूर तालुक्यातील आमच्या गावात दोन भावकींत मारामारी झाली होती. आता दोन्हीकडच्या लोकांनी बसून मिटवले आहे. आम्ही ‘केस काढून घ्या’ असे म्हटले तरी सरकारी वकील ऐकत नाहीत. त्यांना आमच्यात भांडण राहावे असे वाटते का?

उत्तर : तसे मुळीच नाही. फौजदारी खटल्यात वादी राज्य असते. तुम्ही फिर्यादी, म्हणजे पहिले साक्षीदार. कायद्याने काही गुन्हे आपसात मिटवण्याजोगे ठरवले आहेत, जसे साधी दुखापत. त्यात ज्याला लागले त्याने न्यायालयात तडजोडीचा अर्ज करायचा असतो. त्याचा सरकारी वकिलाच्या मर्जीशी संबंध नाही, आणि लोकअदालतीत अशी प्रकरणे एका दिवसात निघतात. हत्याराने केलेली गंभीर दुखापत मात्र त्या यादीत नाही, म्हणून तुमच्या खटल्यातली कलमे आधी पाहून घ्या.

राज्याच्या वतीने खटलाच मागे घेणे ही वेगळी गोष्ट आहे. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६० प्रमाणे तो अर्ज सरकारी वकिलाने स्वतःच्या बुद्धीने विचार करून करायचा असतो, न्यायालयाची संमती लागते आणि आता पीडिताला म्हणणे मांडण्याची संधी दिल्याशिवाय न्यायालयाला ती संमती देता येत नाही. गावातल्या वजनदार माणसाच्या चिठ्ठीवर असा अर्ज करणारा अभियोक्ता आपले काम सोडून देतो, असे मी मानते. ज्याचे डोके फुटले तो गरीब घरचा असेल तर बैठकीत त्याने मान हलवली यावरून त्याच्या मनातले कळत नाही, आणि ते विचारणारा तिथे आमच्याशिवाय दुसरा कोणी नसतो.

प्रश्न : मी पारोळा तालुक्यात शिक्षक आहे. माझ्या शेजारच्या आजींच्या मुलाला मारहाण झाली होती आणि त्यांना साक्षीचे समन्स आले आहे. त्यांना लिहिता-वाचता येत नाही, अहिराणीशिवाय दुसरे नीट बोलता येत नाही आणि आरोपींच्या घरचे लोक येता-जाता त्यांना ऐकवतात. आम्ही आधी सरकारी वकिलांना भेटू शकतो का? पोलिसांनी घेतलेल्या जबाबावर आजींचा अंगठा नाही, त्याने काही बिघडेल का?

उत्तर : गुरुजी, अंगठ्याची काळजी सोडा. पोलिसांनी तपासात नोंदवलेल्या जबाबावर साक्षीदाराची सही घ्यायचीच नसते, कायद्यानेच मनाई आहे. त्या जबाबाचा उपयोग मुख्यतः साक्षीदाराच्या सांगण्यातली विसंगती दाखवण्यासाठी होतो. बचाव पक्षाचा वकील विचारतो, ‘हे तुम्ही पोलिसांना सांगितले होते का? मग तुमच्या जबाबात का नाही?’ तेव्हा आजींनी घाबरून ‘सांगितले नव्हते’ म्हणू नये आणि उगाच ‘सांगितले होते’ असेही म्हणू नये. आठवत असेल ते सांगावे, आठवत नसेल तर ‘आठवत नाही’ म्हणावे. पोलिसांनी का लिहिले नाही याचे उत्तर देणे हे आजींचे काम नाही.

भेटण्याविषयी म्हणाल तर अवश्य भेटा, आणि साक्षीच्या दिवशी सकाळी न भेटता दोन-चार दिवस आधी भेटा. साक्षीच्या दिवशी सरकारी वकिलाच्या टेबलावर काय चालते ते मी जवळून पाहिले आहे. साडेदहाला रात्री अटक झालेल्यांच्या रिमांडचे कागद घेऊन हवालदार उभा असतो, दोन जामीन अर्जांवर म्हणणे द्यायचे असते, एका मुद्देमालाच्या अर्जावर ‘हरकत नाही’ लिहायचे असते आणि तेवढ्यात शिपाई पुकारा करतो. त्या गर्दीत एखादी म्हातारी साक्षीदार बाकावर पदर सावरून बसलेली असते आणि तिच्याशी बोलायला पाच मिनिटेही मिळत नाहीत. काय सांगायचे हे साक्षीदाराला शिकवणे गैर आहे आणि कोणताही चांगला अभियोक्ता ते करत नाही. पण तिने पूर्वी काय सांगितले होते ते तिला तिच्या भाषेत समजावून देणे, पिंजऱ्यात कुठे उभे राहायचे, कोण प्रश्न विचारणार, न समजलेला प्रश्न पुन्हा विचारायला सांगता येतो, हे सांगणे हा आमच्या कामाचाच भाग आहे.

भाषेचा मुद्दा तुम्ही काढलात हे फार चांगले केले. एका खटल्यात अशाच एका माउलीने सांगितले, ‘मन्हा आंडोरले बठ्ठासनी मारं.’ टंकलेखकाने लिहिले, ‘माझ्या मुलाला सर्व आरोपींनी मारले.’ अर्थ वरवर बरोबर होता. पण पोलिसांकडच्या जबाबात तिने तिघांचीच नावे घेतली होती, समोर आरोपी पाच होते आणि ‘बठ्ठा’ म्हणताना तिच्या मनात त्या वेळी मुलाच्या अंगावर आलेले लोक होते, आरोपींची यादी नव्हती. मी उठून न्यायाधीशांना विनंती केली की, साक्षीदाराचे शब्द ती बोलली तसेच नोंदवावेत आणि मग ‘बठ्ठा म्हणजे कोण कोण’ असे तिला विचारू द्यावे. तिने बोट दाखवून तिघांना ओळखले. तो एक शब्द तसाच राहिला असता तर उलटतपासणीत ती खोटी ठरली असती. म्हणून आजी ज्या शब्दांत बोलतात ते शब्द तुम्ही आधीच सरकारी वकिलांच्या कानावर घाला. अहिराणी आपल्याकडच्या बहुतेक न्यायाधीशांना व कर्मचाऱ्यांना थोडीफार समजते, त्यामुळेच दुभाष्याची गरज कोणाला वाटत नाही आणि घोटाळे होतात. पावरी किंवा भिली बोलणारा धडगावकडचा साक्षीदार असला तर दुभाषी मागितला जातो. आजींसाठीही गरज वाटली तर तो मागता येतो. साक्ष संपल्यावर ती वाचून दाखवण्याची तरतूद आहे. आजींना ती समजेल अशा शब्दांत सांगितली जावी, असा आग्रह धरा. अंगठा त्यानंतर.

धमकावण्याविषयी गप्प बसू नका. साक्षीदार संरक्षण योजनेला सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली मान्यता दिली आहे. त्या योजनेप्रमाणे प्रत्येक जिल्ह्यातील समितीचे अध्यक्ष जिल्हा व सत्र न्यायाधीश असतात आणि जिल्ह्यातील अभियोग विभागाचा प्रमुख तिचा सदस्य-सचिव असतो. अर्ज त्याच्याकडेच करायचा असतो, पोलीस प्रमुखांकडून धोक्याचा अहवाल मागवला जातो आणि साक्षीच्या दिवशी सोबत पोलीस देण्यापासून आरोपी व साक्षीदार समोरासमोर येणार नाहीत अशी व्यवस्था करण्यापर्यंत उपाय करता येतात. कोण, केव्हा, कुठे आणि काय बोलले हे तारखेनिशी एका वहीत लिहून ठेवा आणि अर्जाला जोडा. आरोपी जामिनावर असतील तर हीच वही सरकारी वकिलांना जामीन रद्द करण्याच्या अर्जासाठीही उपयोगी पडते.

जाताना आजींना सोबत न्या, समन्सचा कागद बरोबर ठेवा आणि येण्या-जाण्याचा भत्ता मागायला विसरू नका; तो न्यायालयाच्या कार्यालयात मिळतो, पण मागितल्याशिवाय क्वचितच कोणी देते.